आधी कॉपी, मग दुरुस्ती

(लॅमिंग्टन रोड, सकाळ. शटर वर जाताहेत.)

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटरचं हवं ते मिळतं. गेलेला डेटा परत मिळवायलाही लोक इथंच येतात. काउंटरवर हार्ड डिस्क ठेवली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘काका, बंद पडल्यावर किती वेळा चालू करून बघितलीत?’

काका बहुतेक वेळा आकडा कमी करून सांगतात.

(उघडलेली डिस्क, जवळून.)

डेस्कटॉपच्या डिस्कमधल्या चकत्या साधारणपणे मिनिटाला ७२०० फेरे घेतात, लॅपटॉपमधल्या ५४००. वाचणारं हेड चकतीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वरून तरंगतं. माणसाचा केस या फटीच्या हजारो पट जाड. हेड बिघडलं की टक्... टक्... असा आवाज येतो. तरीही डिस्क पुन्हा पुन्हा चालू केली, तर हेड चकतीवरचा चुंबकीय थर खरवडून काढू शकतं. खरवडून गेलेलं मग कुणालाच वाचता येत नाही.

पावसाळ्यात भिजलेल्या डिस्क येतात. बहुतेक डिस्कना हवेसाठी बारीक भोक असतं, पाणी तिथूनच शिरतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कितीतरी तळमजले कॉम्प्युटरसकट बुडाले. अशी डिस्क उन्हात वाळवू नये, तांदळात तर मुळीच पुरू नये. पाणी उडून जातं, गाळ आणि क्षार चकतीवर घट्ट बसतात.

(स्क्रीनवर हिरव्या-लाल चौकोनांची रांग.)

डिस्क अजून फिरत असेल, तर कारागीर दुरुस्तीला हात घालत नाही. आधी सेक्टरवार कॉपी, म्हणजे डिस्कवरच्या एकेका बारीक कप्प्याची जशीच्या तशी नक्कल. डीडीरेस्क्यू नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम सहज वाचता येणारं आधी उचलतो, अडलेल्या जागांची नोंद करून पुढं सरकतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. डिस्क मध्येच मान टाकेल, हे त्यानं गृहीतच धरलेलं असतं. विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं ‘चेक डिस्क’ नेमकं उलट: आजारी डिस्कवरच लिहीत सुटतं. ते विचारेल तेव्हा सरळ नाही म्हणावं.

हेडच गेलं असेल, तर त्याच मॉडेलची चालू डिस्क, म्हणजे ‘डोनर’, हुडकायची आणि धूळमुक्त हवेत हेड बदलायचं. इथल्या जुन्या मालाच्या ढिगांना त्यामुळेच किंमत. सर्किट बोर्ड जळाला असेल, तर नुसता दुसरा लावून सहसा भागत नाही. प्रत्येक डिस्कच्या स्वतःच्या जुळवणीची माहिती बोर्डावरच्या रॉम नावाच्या चिपमध्ये असते. ती चिप जुन्यावरून उतरवून नव्यावर चढवायची. हे काम बघत बसावं असं असतं.

(काउंटर. एक मुलगी लॅपटॉप पुढं करते.)

चुकून डिलीट झालेल्या फाइली त्यामानानं सोप्या. फिरत्या डिस्कवर सहसा फक्त नोंद पुसली जाते, मजकूर त्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत तिथंच असतो. या लॅपटॉपमध्ये मात्र एसएसडी आहे, म्हणजे चकत्यांऐवजी मेमरी चिपांवर साठवणारा ड्राइव्ह. तिथं ट्रिमचा, म्हणजे ‘या जागा आता नकोत’ असं सांगणारा, आदेश गेला, की रिकाम्या झालेल्या जागा ड्राइव्ह स्वतःच साफ करतो. अशा वेळी प्रामाणिक दुकानदार पैसे घ्यायच्या आधीच सांगतो: ‘ताई, यातून काही मिळेल असं वाटत नाही. मोबाइलमध्ये किंवा मेलवर या फाइली कुठं आहेत का, ते आधी बघा.’