विसावा

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि एवढ्या पावसात आलेली मंडळी, नमस्कार. पत्रिकेत माझा विषय ‘फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणातला दुःखविचार’ असा छापलाय. चांगला भारदस्त आहे. स्टीफन्स म्हणजे गोव्यात येऊन येशूची कथा मराठी ओव्यांत सांगणारा इंग्रज पाद्री. त्याच्याकडे मी वळणारच आहे, घाबरू नका. पण त्याआधी एका शब्दाबद्दल बोलू द्या, गेली चार वर्षं तो माझ्या डोक्यात बसलाय.

मराठी बायबलात, मत्तयाच्या अकराव्या अध्यायात, येशू म्हणतो : ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.’ विसावा! शांती नाही, सुख नाही, आरामही नाही. ज्याला हा शब्द सुचला त्याच्यासमोर मी हात जोडतो. कारण आपल्याकडे विसावा दोघांना लागतो, पालखीला आणि तिरडीला. वारीत पालखी विसाव्याला थांबते. माझं आजोळ घाटावर, तिथे प्रेत नेताना अर्ध्या वाटेवर तिरडी टेकवायचे, त्या जागेलाही विसावाच म्हणायचे. दोन्हीकडे ओझं टेकवायचं ते पुन्हा उचलण्यासाठी. उचलताना खांदा बदलतो, एवढंच.

हे मला ग्रंथात सापडलं नाही, आमच्या व्हरांड्यात सापडलं. चार वर्षांपूर्वी आमच्या हिच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. ही तिसऱ्या रांगेत बसली आहे, त्यामुळे मला फार तिखटमीठ लावता येणार नाही. तर माणसं धीर द्यायला येऊ लागली. धीर देणाऱ्यांचे प्रकार असतात. पहिला म्हणतो, ‘प्रारब्ध, दुसरं काय!’ आणि चहा पितो. दुसरा कुठल्यातरी पाल्याचा रस सांगतो, वर आपण सांगितल्याचं डॉक्टरांना कळू देऊ नका, असंही बजावतो. तिसऱ्याच्या मेव्हण्याला अगदी हेच झालेलं असतं. ‘मग आता कसे आहेत?’ असं विचारावं, तर तो छताकडे बघतो. हसू नका, यातले निम्मे जण आज सभागृहात आहेत. आणि मीही आयुष्यभर लोकांच्या घरी जाऊन हेच करत आलोय. मास्तरला कशाचंही स्पष्टीकरण देता येतं, ती त्याची खोड.

शेजारची आंटी तेवढी यापैकी काही करायची नाही. दुपारी चारला चवळीच्या शेंगा घेऊन यायची, हिच्या खाटेपाशी बसून सोलायची. पंखा फिरायचा, शेंगा मोडल्याचा आवाज यायचा. संध्याकाळी चर्चची घंटा वाजली की उठायची, कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून पुटपुटायची आणि तेर्स, म्हणजे संध्याकाळची जपमाळेची प्रार्थना, म्हणायला घरी जायची. टरफलं आमच्याकडे, दाणे तिच्याकडे! (हशा) आमचं सगळं बोलणं कोकणीत. मराठीच्या व्यासपीठावरून ही कबुली देतोय, अध्यक्षांनी कानावर हात ठेवावेत.

या आंटीचा थोरला मुलगा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला होता. बोटीवरच गेला. शवपेटी घरी यायला तीन आठवडे लागले. त्या दिवसांत मी तिच्या घरी गेलो, अर्थात प्रारब्धाची तयारी करूनच. बघतो तर भिंतीवरची येशूची तसबीर उलटी. तोंड भिंतीकडे, मागचा पुठ्ठा आपल्याकडे. पण खालचा लाल बल्ब चालू. मला राहवलं नाही, मी विचारलंच. ती म्हणाली, ‘हांव ताचेर रागार जाल्यां, पूण सोयरीक मोडूंक ना.’ म्हणजे, मी त्याच्यावर रागावले आहे, पण नातं तोडलेलं नाही.

मी बाप्तिस्मा घेतलेला नाही, घेण्याचा विचारही नाही आणि आंटीने तसं कधी सुचवलंही नाही. पण त्या दिवशी घरी येऊन मी बायबल उघडलं. श्रद्धावान माणूस दुःखातही हसतमुख असतो, अशी माझी समजूत होती. ती तिथे टिकेना. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. मेलेल्या मित्राच्या, लाजरच्या थडग्याकडे निघालेल्या येशूला ठाऊक आहे की आपण याला उठवणार आहोत, तरी तिथे दोनच शब्द येतात : ‘येशू रडला.’ आणि क्रुसावर तो बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ ओरडतो, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ तुकोबा विठोबाशी भांडतात याचं आपल्याला कौतुक. मग आंटीची उलटी तसबीर ही श्रद्धाच नव्हे काय? साधारण पंधरा दिवसांनी ती तसबीर सुलटी झाली. कोणी केली ते मी विचारलं नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

स्टीफन्स. १५७९ साली गोव्यात आला, १६१९ साली वारला. पुराण १६१६ साली राशोलला, म्हणजे आपल्या रायतूरला, रोमन अक्षरांत छापलं. मराठी भाषेची स्तुती करणारी त्यातली ओवी मी म्हणणार नाही, ती तुम्हाला पाठ आहे आणि पुढच्या पाठ नाहीत, हेच माझं दुखणं. आरंभी नवख्रिस्ती माणसं पाद्रीला विचारतात की आमची जुनी पुराणं गेली, आता आम्ही वाचायचं काय? ज्यांच्या हातून कथा गेल्या त्यांचं हे गाऱ्हाणं. त्याला उत्तर म्हणून हजारो ओव्या आल्या, त्यांच्याच छंदात, त्यांच्याच बोलीत. कथा काढून घेणारे आणि कथा देणारे एकाच बाजूचे होते, ही गाठ मला आजही सुटलेली नाही. तिच्यावर वेगळं व्याख्यान ठेवा.

दुसरे जुझे वाझ, गोव्याचेच पाद्री. जन्म बाणावलीचा, १६५१ सालचा. डचांनी सिलोनात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कॅथलिक पाद्रींना बंदी घातली होती, तेव्हा हे १६८७ साली मजुराच्या वेषात तिथे गेले. तिथल्या कँडीच्या राज्यात हेर समजून तुरुंगात टाकलं. पुढे देवीची साथ आली आणि घरच्यांनीही सोडलेल्या रोग्यांची सेवा यांनी केली. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना कोलंबोत संत घोषित केलं. रोग आला का, याचं स्पष्टीकरण देत ते थांबले नाहीत. जाऊन बसले.

आणि राहिलं ते विसाव्याच्या पुढचं वाक्य, जे आपण म्हणतच नाही. ‘माझे जू आपणांवर घ्या.’ ओझ्याने वाकलेल्याला हा वर जू देतो! पण शेतकऱ्याच्या घरच्या माणसाला कळेल की जुवाला दोन बाजू असतात. एकट्या बैलाला सहसा कोणी जू लावत नाही. दुसऱ्या बाजूला कोण, ते आंटी जाणते. मला फक्त शेंगा सोलणारे हात दिसले.

दुसरीही चिठ्ठी आली, थांबतो. प्रश्न असतील तर उभ्याउभ्याच विचारा, उद्या सकाळी साडेसहाला आम्हाला डायलिसिसला निघायचंय. आंटीने आधीच सांगून ठेवलंय की पुढच्या सीटवर ती बसणार, मागे बसलं की तिला गाडी लागते.