परदेशातलं एक सेमिस्टर आणि परीक्षा विभागाची खिडकी

(नाशिकमधल्या एका महाविद्यालयात विद्यार्थी आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

समोर निम्मे विद्यार्थी दिसताहेत आणि निम्मे पालक. म्हणजे निम्म्यांना जायचंय आणि निम्म्यांना पैसे भरायचेत. दोघांच्याही कामाचं काहीतरी सांगायचा प्रयत्न करते. व्हिसाचं काय, राहायचं कुठे, जेवणाचे हाल होतील का, हे प्रश्न तुमच्या मनात आहेत हे मला माहीत आहे. तिकडे येऊच. पण परदेशातलं सेमिस्टर फसतं ते बहुतेक वेळा तिथल्या विमानतळावर किंवा वसतिगृहात नाही. ते फसतं आपल्याच कॉलेजच्या परीक्षा विभागाच्या खिडकीशी. सहा महिने तिकडे शिकून, पास होऊन मुलगी परत येते आणि खिडकीतले काका विचारतात, ‘हे विषय आमच्या सिलॅबसमध्ये कुठे आहेत?’ त्या प्रश्नाचं लेखी उत्तर जाण्याआधी हातात असेल तरच जा. नसेल तर ते महागडं पर्यटन आहे. पर्यटनालाही माझी हरकत नाही, पण मग त्याला शिक्षण म्हणू नका.

आधी करार काय असतो ते बघू. भागीदार विद्यापीठाबरोबर विद्यार्थी अदलाबदलीचा करार असेल, तर साधारण रीत अशी की तुम्ही फी इथेच भरता आणि तिथली शिकवणी फी माफ होते. तिथला एखादा विद्यार्थी इकडे आला तर त्यालाही तसंच. करार नसताना स्वतःच अर्ज करून गेलात, तर तिथली पूर्ण फी भरावी लागते. फरक लाखांत असतो. म्हणून ‘आमचं अमुक विद्यापीठाशी टायअप आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. कॉरिडॉरमध्ये सह्या करतानाचे फोटो लावलेले असतात, शाली-पुष्पगुच्छांसकट. ऑफिसात जाऊन विचारा: कराराची मुदत संपली नाही ना? हा करार आपल्या विभागाला लागू आहे का? जागा किती? आणि त्यात फीमाफीचं कलम आहे, की नुसतं ‘सहकार्य करू’ म्हटलंय? नुसत्या ‘सहकार्य करू’ने तुमचा एक पैसा वाचत नाही.

आता विषयांचा तक्ता. युरोपात क्रेडिट मोजायची पद्धत आहे तिला ईसीटीएस म्हणतात. पूर्ण वर्षाला ६०, म्हणजे सेमिस्टरला ३०. एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याने २५ ते ३० तास काम करणं अपेक्षित असतं, त्यात लेक्चर, अभ्यास, रिपोर्ट सगळं आलं. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला १,२०० तास आणि ४० क्रेडिट धरलेत, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास. हिशेब करून बघा: तिथले ३० म्हणजे आपले साधारण २०. दीडाला एक. तेव्हा तिथला सहा क्रेडिटचा विषय आपल्या चार क्रेडिटच्या विषयासमोर ठेवता येतो. पाच क्रेडिटचा ठेवायचा, तर कुणीतरी भुवया उंचावणार.

पण आकडे जुळले म्हणजे विषय जुळला असं नाही. माझ्याकडे एकदा एक विद्यार्थी असा तक्ता घेऊन आला होता. डाव्या रकान्यात आपला ‘हीट ट्रान्सफर’, उजव्या रकान्यात तिथला ‘एनर्जी सिस्टीम्स’. मी विचारलं, अरे, तिथल्या अभ्यासक्रमात कंडक्शन, कन्व्हेक्शन आहे कुठे? तो म्हणाला, मॅडम, नावात एनर्जी आहे ना. आम्ही दोघांनी बसून तिथल्या विषयाची पूर्ण माहितीपत्रिका काढली, आठवड्यावार काय शिकवतात ते आपल्या युनिट्सशेजारी मांडलं, तेव्हा कळलं की अर्धासुद्धा मेळ नाही. शेवटी दुसराच विषय सापडला, मेकॅनिकलच्या नव्हे, केमिकल विभागाच्या यादीत. असं बसावं लागतं. त्यानंतर एचओडींची सही, प्राचार्यांची सही, परीक्षा विभागाचा शिक्का. इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या विद्यार्थी अदलाबदलीच्या योजनेत यालाच लर्निंग अ‍ॅग्रीमेंट म्हणतात आणि त्यावर तिन्ही बाजूंच्या सह्या लागतात: तुमची, इथल्या संस्थेची आणि तिथल्या संस्थेची. तिथे पोचल्यावर एखादा विषय रद्द झाला, दोन विषयांच्या वेळा आदळल्या, तर पहिल्या काही आठवड्यांत तक्ता बदलता येतो. बदललात तर इथल्या सह्याही नव्याने घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ओके’ आलेला चालत नाही.

यापेक्षाही अवघड गाठ आहे ती कॅलेंडरची, आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही. आपलं विषम सेमिस्टर जुलैच्या आगेमागे सुरू होतं आणि डिसेंबरपर्यंत परीक्षा उरकतात. सम सेमिस्टर जानेवारी ते मे-जून. आता जर्मनी बघा. तिथल्या विद्यापीठांत हिवाळी सत्राची लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि परीक्षा त्यानंतर. म्हणजे तुम्ही पाचव्या सेमिस्टरसाठी गेलात, की जुलै ते ऑक्टोबर घरी बसून आणि इथे सहावं सेमिस्टर सुरू झालं तरी तुम्ही तिकडे पेपर देताय. उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, ते तर दोन्हीकडून कापतं. तिथल्या हॉखशूल, म्हणजे उपयोजित शिक्षणाच्या संस्था, थोड्या आधी सुरू होतात आणि आधी संपतात, तेवढाच दिलासा. स्वीडनचं शरद सत्र ऑगस्टअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. फ्रान्सचं सप्टेंबर ते डिसेंबर-जानेवारी. ऑस्ट्रेलियाचं दुसरं सत्र जुलैअखेर ते नोव्हेंबर, ते आपल्याशी जवळजवळ चपखल बसतं. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरं सत्र असतं. जर्मनीला जाऊच नका असं माझं म्हणणं नाही. जायचं तर सहाव्या सेमिस्टरचे पहिले दोन महिने बुडणार, त्या हजेरीचं आणि टर्मवर्कचं काय, हे आधी लिहून घ्या.

कितव्या सेमिस्टरला जावं? माझं मत स्पष्ट आहे: चार वर्षांच्या कोर्सला पाचवं. सातव्यात कॅम्पस इंटरव्ह्यू सुरू होतात आणि मुलं तिकडून रात्री दोनला लॅपटॉप उघडून ऑनलाइन टेस्ट देत बसतात. तिसऱ्या सेमिस्टरला विषय पायाभूत असतात, तिथे त्यांचे जुळे सापडत नाहीत. पाचव्यात इलेक्टिव्ह असतात, जागा असते. पण सप्टेंबरमध्ये जायचं तर आदल्या हिवाळ्यात कॉलेजची अंतर्गत निवड, मार्च-एप्रिलमध्ये नॉमिनेशन, म्हणजे कॉलेजने तुमचं नाव तिकडे कळवणं, मेपर्यंत तिथला अर्ज, जूनमध्ये प्रवेशपत्र आणि मग व्हिसा. थोडक्यात, तयारी तिसऱ्या सेमिस्टरलाच लागते. आणि निवडीच्या वेळी बॅक असेल तर नाव सहसा यादीच्या बाहेर जातं.

कुठे जायचं याबद्दल एकच सांगते. रँकिंगच्या आधी हे बघा, की तिथे असं काय शिकवतात जे आपल्याकडे नाही. आपण द्राक्षांच्या गावातले. आपल्याकडे वायनरी आहेत, निर्यात आहे, बागायतदारांची दुसरी-तिसरी पिढी आहे. जर्मनीतल्या गायझेनहाइमला १८७२ पासून द्राक्ष आणि वाइनवर काम चाललंय, फ्रान्सच्या मॉंपेलिएला त्याच विषयाची मोठी परंपरा आहे. कृषी किंवा फूड टेक्नॉलॉजीच्या मुलाने, करार असेल किंवा करून घेता येत असेल, तर असं ठिकाण धरावं. मोठ्या शहरातलं प्रसिद्ध नाव घेऊन तिथे मार्केटिंगची दोन लेक्चर्स ऐकण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

कागदपत्रांत आपल्या महाराष्ट्राचा खास घोळ आहे तो नावाचा. मार्कशीटवर आपलं नाव आडनावापासून सुरू होतं: पाटील, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. तिथला क्लार्क मार्कशीट बघून फॉर्म भरतो आणि मुलीला ईमेल येते, ‘डिअर पाटील’. आडनावाच्या जागी वडील. हसू नका, याच नावाने प्रवेशपत्र आलं की व्हिसाच्या खिडकीवर अडतं. पहिल्या अर्जापासून प्रत्येक ठिकाणी पासपोर्टवर आहे तसंच नाव, त्याच क्रमाने. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमिस्टरचे विषय आणि गुण दाखवणारा अधिकृत उतारा, मागवताना विद्यापीठालाही तेच कळवा. आणि पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा. देशभरातल्या पासपोर्टच्या पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापतात, पण त्यामुळे नाशिककरांना तो लवकर मिळतो असं काही नाही!

पैशाचं बोलू. शिकवणी फी माफ म्हणजे सगळं फुकट नव्हे. जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचा आकडा ११,९०४ आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सहा महिन्यांचे जवळजवळ सहा लाख. हे पैसे खर्च होतात असं समजू नका, ते तुमचेच आहेत, दर महिन्याला ठरावीक रक्कम तुमच्या हाती येते. पण ते आधी उभे करावे लागतात. वर विमानाचं तिकीट, आरोग्य विमा महिन्याला सव्वाशे-दीडशे युरो, सत्राचं शुल्क, आणि खोलीची अनामत. खोलीची अनामत लोक हमखास विसरतात. इरॅस्मस प्लसची शिष्यवृत्ती आपल्या विद्यार्थ्यांनाही मिळू शकते, महिन्याला साधारण ८०० ते ९०० युरो आणि प्रवासाचे वेगळे. अट एकच, दोन संस्थांनी मिळून त्या योजनेत प्रकल्प घेतलेला हवा. विद्यार्थ्याने एकट्याने अर्ज करून ती मिळत नाही. तेव्हा आपल्या आंतरराष्ट्रीय कक्षाच्या मागे लागा. पालकांनी मागे लागलं तर जास्त बरं, मुलांना कोणी दाद देत नाही.

व्हिसाचं थोडक्यात. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या थोड्या मुदतीच्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. सेमिस्टर त्याहून मोठं असतं, म्हणून त्या-त्या देशाचा जास्त मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा किंवा स्वीडनसारख्या ठिकाणी निवास परवाना लागतो. जपानसाठी तिथलं विद्यापीठ तुमच्या वतीने पात्रता प्रमाणपत्र काढतं, त्याला महिने जातात. अपॉइंटमेंट बहुधा मुंबईला. सकाळची पंचवटी पकडायची तर अपॉइंटमेंट दुपारची घ्या, गाडीच्या भरवशावर अकराची नको.

तिथे पोचल्यावर जर्मनीत पत्त्याची नोंदणी असते, ती झाल्याशिवाय पुढची कामं हलत नाहीत. थंडी असते, निफाडला पारा पाचाखाली गेला की आपल्या पेपरात पहिल्या पानावर फोटो येतो, तिकडे पारा महिनोन्‌महिने तिथेच असतो. शाकाहारी जेवण मिळतं, कुकर घेऊन जा. पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही, की जर्मनीत विषयाला नाव नोंदवणं वेगळं आणि परीक्षेला नाव नोंदवणं वेगळं. पोर्टलवर ठरलेल्या तारखांत परीक्षेची नोंदणी केली नाही, तर सत्रभर पहिल्या बाकावर बसलेल्यालाही पेपर देता येत नाही. आपल्याकडे कॉलेजात नोटीस लागते, सर ओरडतात, शेवटच्या दिवशी लेट फी भरून फॉर्म घेतात. तिथे कोणी ओरडत नाही.

परत आल्यावर गुणांचा प्रश्न. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. मुलाने १.३ मिळवून आणले की आईच्या पोटात गोळा येतो. रूपांतराचं प्रचलित सूत्र वापरलं, आपल्याकडे कमाल १० आणि पास होण्यासाठी ४ धरले, तर ते १.३ म्हणजे ९.४ होतात. उलट इथले ८.२ तिथे १.९ ठरतात. हे सूत्र लावायचं, की गुण न घेता फक्त क्रेडिट घ्यायचे, हे संस्थेने आधी ठरवलेलं हवं. तिथलं ट्रान्सक्रिप्ट परीक्षा झाल्यावर कित्येक आठवड्यांनी येतं. तोवर इथे निकाल लागतो आणि त्या सेमिस्टरसमोर सगळीकडे ‘गैरहजर’ छापून येऊ शकतं, म्हणून जाण्याआधीच परीक्षा विभागाला पत्र देऊन पोच घ्या.

आता प्रश्न. ताईंनी मघाशी चिठ्ठी पाठवली होती: तिकडे एखाद्या विषयात नापास झाला तर?

होतात, हुशार मुलंही होतात. काही ठिकाणी त्याच सत्रानंतर दुसरी तारीख देतात, जर्मनीत ती बऱ्याचदा मार्च-एप्रिलमध्ये येते, सत्र सुरू व्हायच्या आत. थांबता आलं तर द्यावी. नाही थांबता आलं, तर इथल्या बदलीच्या विषयाचा पेपर बॅक म्हणून द्यायची परवानगी आधीच मागून ठेवा. आणि परतीचं तिकीट काढताना दोन-चार हजार जास्त गेले तरी चालतील, तारीख बदलता येईल असंच काढा.