पडवीतल्या कुंडीत मोगरा का फुलत नाही?

नमस्कार. मी रत्नागिरीतल्या आमच्या घराच्या पडवीत उभी आहे आणि माझ्या दोन्ही बाजूंना एकाच झाडाच्या दाब कलमांपासून तयार केलेले दोन मोगरे आहेत. डावीकडची कुंडी वर्षभर अंगणाच्या पायरीवर असते आणि ती कळ्यांनी भरलेली आहे. उजवीकडची आतल्या भिंतीशी असते. तिची पाने गर्द हिरवी आहेत, फांद्या वेलासारख्या लांब गेल्या आहेत, पण कळी मात्र एकही नाही. माती, खत आणि पाणी दोन्हींना सारखेच मिळते, फरक आहे तो फक्त उन्हाचा.

आपले डोळे सावलीला चटकन सरावतात, म्हणून पडवी आपल्याला पुरेशी उजेडाची वाटते. प्रत्यक्षात भर दुपारच्या उघड्या उन्हात प्रकाश सुमारे 1,00,000 लक्स असतो, तर खोलीत खिडकीपासून चार पावले आत तो काही शे लक्सवर येतो. एवढ्या उजेडात मोगरा जगतो, पण फुले धरण्याइतके अन्न त्याला तयार करता येत नाही. त्याला दिवसाचे किमान पाच-सहा तास थेट ऊन हवे, आणि ज्यांच्या घरात ते कुठेच येत नाही त्यांनी मोगऱ्याचा हट्ट सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऊन मिळूनही फुले येत नसतील, तर बहुधा छाटणी राहून गेलेली असते. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्यावर येते. म्हणून डिसेंबरच्या अखेरीस पाणी कमी करून झाडाला पंधरा दिवस ताण द्यावा, जानेवारीत जुनी पाने काढून फांद्या निम्म्यापर्यंत छाटाव्यात, वरची माती उकरून दोन-तीन ओंजळी कुजलेले शेणखत घालावे आणि मग पुन्हा भरपूर पाणी सुरू करावे. हिरव्यागार झाडाला कात्री लावायला घरातल्या वडीलधाऱ्यांचा जीव होत नाही. आमच्याकडेही पहिल्या वर्षी बराच वाद झाला होता आणि तो मार्चमध्ये आलेल्या कळ्यांनीच मिटवला.

आता मातीविषयी. आपल्याकडची जांभ्याची माती नुसती वापरली तर कुंडीत घट्ट बसते, म्हणून तीत शेणखत आणि वाळू मिसळावी लागते. ही वाळू नदीची असावी, समुद्राची कधीही नसावी. मी एकदा आळसाने भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू आणून वापरली, तेव्हा पंधरवड्याच्या आत पानांच्या कडा जळल्या, कारण वाळूतले मीठ मुळांना पाणी घेऊ देत नाही. काथ्याचा भुसा वापरणार असाल तर त्यातही क्षार असतात, तेव्हा तो गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून, पिळून मगच घ्यावा. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर कुंड्यांसाठी ते टाळावे. मासळी धुतलेले पाणी घालण्याची आपली जुनी रीत मात्र चांगली आहे. फक्त ते मासळीला मीठ लावण्यापूर्वीचे असावे आणि मांजरांचा बंदोबस्त आधी करावा.

खरी कसोटी जूनमध्ये लागते. रत्नागिरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. उन्हाळ्यात पाण्यावाचून मरणाऱ्या रोपांपेक्षा पावसाळ्यात मुळे कुजून मरणारी रोपे मी अधिक पाहिली आहेत. कुंडीखालची ताटली काढून टाकावी, कुंडी चिऱ्याच्या दोन तुकड्यांवर उचलून ठेवावी आणि पागोळ्यांची धार थेट मातीत पडणार नाही इतकी ती आत सरकवावी. समुद्राच्या बाजूच्या गॅलरीत वाऱ्याबरोबर खारे तुषार येत असतील, तर पावसाची उघडीप असताना पाने गोड्या पाण्याने धुवावीत. तिथे कायमचे झाड हवे असेल तर पांढरा देवचाफा लावावा. तो खारा वारा सोसतो. त्याच्या फुलात मध नसतो, तो नुसत्या वासावर पतंगांना फसवून परागीकरण साधतो, आणि त्याचा वास रात्री वाढतो तो याचसाठी.

अनंताला आम्लधर्मी माती लागते आणि जांभ्याची माती तशीच असल्यामुळे तो कोकणात सहसा त्रास देत नाही. तरीही नवी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या, तर कुंडी सिमेंटची आहे का किंवा चुना लावलेल्या भिंतीचे पाणी तीत उतरते का, ते पाहावे. चुन्यामुळे मातीची आम्लता जाते आणि मातीतले लोह झाडाला घेता येत नाही. मोगऱ्याच्या कळ्या जांभळट होऊन एकमेकींना जाळीने चिकटल्या असतील, तर आत अळी आहे असे समजावे. त्या कळ्या तोडून नष्ट कराव्यात आणि लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारावे.

सुरंगी कुंडीत लावता येईल का, असे अनेकजण विचारतात. तिची फुले जुन्या, जून फांद्यांवर येतात आणि वेंगुर्ले तालुक्यात आरवली-आसोलीकडे ज्यांनी ती मोठाली झाडे पाहिली आहेत, त्यांना हा प्रश्न पडणार नाही. सोनचाफा मात्र गच्चीवर अर्ध्या पिंपात होतो. रोप कलमी घ्यावे, कारण बियांपासूनचे रोप फुलायला कित्येक वर्षे घेते.

ज्यांच्याकडे फक्त पडवीच आहे, त्यांच्यासाठी आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते झाड आहे. हिमालयातले ब्रह्मकमळ वेगळे. हे मुळात मेक्सिकोकडचे, दुसऱ्या झाडांच्या आधाराने वाढणारे निवडुंग आहे, त्यामुळे उजेडाची सावली आणि मोकळी, भुसभुशीत माती त्याला मानवते. जे पान समजून आपण मातीत खोचतो ते त्याचे चपटे खोड असते आणि त्यालाच मुळे फुटतात. पावसाळ्यात त्याची लोंबती कळी हळूहळू मान वर वळवते. ती टपोरी फुगून तोंडाशी सैल दिसू लागली की त्या रात्री जेवणे लवकर उरकावीत, कारण फूल रात्री उमलते आणि सकाळपर्यंत मिटून जाते.