चार कामट्या आणि एक दोरी

इथे बसलेल्या बऱ्याच जणांची मुलं जपानी शाळेत शिकतायत. २०१२ पासून इथल्या कनिष्ठ माध्यमिक शाळांत बुदो, म्हणजे जपानी युद्धकला, सक्तीचं झालं, त्यामुळे ज्युदो किंवा केंदो, म्हणजे तलवारबाजी, यांतलं काहीतरी वाट्याला येतंच. मूल केंदोत रमलं की एक दिवस घरात लांबलचक काठी येते आणि छत्र्यांशेजारी उभी राहते. तिचं नाव शिनाई. आज तिच्याबद्दल बोलायचंय.

ती खरं तर काठी नव्हेच. आकाशकंदिलाला लावतो तशा, पण चांगल्या जाड, चार कामट्या. ना गोंद, ना खिळा. टोकाला चामड्याची टोपी, साकिगावा. तिच्यात रबराचा बोळा. मुठीवर चामड्याचा लांब मोजा, त्सुकागावा. आणि या दोहोंना ताणून धरणारी दोरी, त्सुरु. मुठीच्या आत कामट्यांना खाचा असतात, त्यांत नखाएवढा चौकोनी पत्रा बसतो. त्याला चिगिरी म्हणतात. शिनाई पहिल्यांदा सोडवली तेव्हा माझी चिगिरी टुणकन उडाली ती सापडलीच नाही. तशीच बांधली, तर दोन दिवसांत कामट्या एकमेकींवर सरकायला लागल्या.

लाकडी तलवारीनं सराव करताना हाडं मोडत. सोळाव्या शतकात तलवारबाज कामिइझुमी नोबुत्सुना यांनी चिरलेला बांबू चामड्याच्या पिशवीत घालून वापरला, तिथून ही परंपरा सुरू झाली असं मानतात. कामट्या लवतात, म्हणून धक्का सोसतात. आणि लवतात म्हणूनच चिरतात.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, असं आपण टोमण्यानं म्हणतो. इथे ते कुसळ आपल्याच शिनाईचं असतं. चेहऱ्यावरच्या जाळीच्या फटीतून अख्खी शिनाई जात नाही, पण सुटलेली कामटी जाते. म्हणून साकिगावा झिजून भोक पडायला आलं की ती लगेच बदला. चामडं महाग आहे, मान्य.

प्रत्येक सरावाआधी जुना सुती मोजा शिनाईवरून फिरवा. धागा अडकला, तिथे कुसळ. दोरी सोडा, ते चाकूनं रेषांच्या दिशेनं खरवडा, वर पॉलिश पेपर, मग तेलाचा पातळ हात. पेराशी भेग दिसली तर मात्र खरवडत बसू नका, ती कामटी गेली. चिकटपट्टी गुंडाळून भागवणारे मी पाहिलेत. तसं कृपा करून करू नका.

सोडवण्यापूर्वी कामट्यांना आतून पेन्सिलीनं आकडे घाला, क्रम बदलला की त्या नीट बसत नाहीत. दोरीची बाजू म्हणजे तलवारीची पाठ, मार बसतो तो समोरच्या बाजूला. म्हणून पुन्हा बांधताना क्रम तोच ठेवून सगळा जुडगा एक घर फिरवा, म्हणजे झीज वाटली जाते. मधली चामडी पट्टी, नाकायुई, टोकापासून साधारण पाव लांबीवर येते. ती खाली घसरली, की समजा दोरी सैल आहे.

आता ही माझी सोडवते. पुढच्या रांगेतल्यांनी चिगिरी कुठे पडते तेवढं बघा.