हिरवं मारायलंय

[दृश्य : कैलास लेण्याचं प्रांगण. सूर्य अजून कड्याआड.]

वेरूळचं सोळावं लेणं. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातलं. एकाच कड्यातून वरून खाली कोरत आणलेलं. आपण सरसकट म्हणून जातो, काळा पाषाण. तासभर इथं बसलं की काळा फारसा सापडत नाही. उन्हातला भाग तपकिरी, सावलीवर आभाळाचा निळा उजेड, पाणी झिरपलं तिथं काळपट ओघळ.

एका तरुण फोटोग्राफरनं याचा कृष्णधवल फोटो केलाय. रंग काढून टाकला, म्हणजे प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे सारखे. १२८, १२८, १२८, असे. दगड असा नसतोच कधी, पण फोटोला तसं व्हायचंय. पडद्यावर झालाही. आता तो ४४ इंच रुंद कागदावर छापायचाय.

[दृश्य : छत्रपती संभाजीनगर, गुलमंडीजवळची गल्ली. गुंडाळलेले फ्लेक्स.]

दुकान तसं फ्लेक्सचं. वाढदिवस, निवडीबद्दल अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली. पुढाऱ्याचा फेटा जरा जास्त गुलाबी आला म्हणून इथं कुणी परत येत नाही. आतल्या कोपऱ्यात मात्र एक रुंद फोटो प्रिंटर आहे, आणि त्याच्यावर दुकानदाराचा फार जीव. गल्ली त्यांना मामा म्हणते.

पहिला प्रिंट बाहेर येतो.

"मामा, हे हिरवं मारायलंय."

"हिरवं कामून मारंल? काळं-पांढरंच दिलं नं तू?"

दिलं काळं-पांढरंच. पण साध्या चार शायांच्या मशीनकडं करडा नावाची शाईच नसते. सायन (आकाशी निळी), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी आणि काळी, एवढंच भांडवल. फिका करडा काढायचा तर काळ्याचे ठिपके विरळ टाकायचे, मग ते दाणेदार दिसतात. नाहीतर तिन्ही रंग मिसळायचे. ते समसमान घातले तर करडा येत नाही, मातकट तपकिरी येतो, कारण कुठलीच शाई पुस्तकातल्याइतकी शुद्ध नसते. ऑफसेटवाल्यांचं ठरलेलं माप आहे: ५० टक्के सायन असेल तर मॅजेंटा आणि पिवळा ४०-४०. हा तोल थोडा ढळला की झाक दिसते. गुलाबी फेट्यात तेवढी चूक खपून जाते. करड्यात खपत नाही, कारण जिथं रंगच नको तिथं चिमूटभर रंगही डोळ्याला टोचतो.

म्हणून फोटो प्रिंटरमध्ये काळ्याच्या जोडीला एक-दोन करड्या शायाही असतात. मामांच्या मशीनमध्येही आहेत. तरी हिरवं?

[दृश्य : नोझल चेकचा कागद, अगदी जवळून.]

मामा आधी नोझल चेक काढतात, म्हणजे शाईची सगळी छिद्रं चालतात का ते दाखवणाऱ्या रेघांचा कागद. एप्रिल चालूय. बाहेर चाळीसच्या वर पारा, हवा कोरडी ठणठणीत. पाण्यातली शाई हेडच्या, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागाच्या, तोंडाशीच सुकते. कागदावर मॅजेंटाच्या काही रेघा गायब आहेत. मॅजेंटा कमी पडला की शिल्लक सायन आणि पिवळा. म्हणजे हिरवाच.

हेड क्लीनिंग होतं. वाया जाणाऱ्या शाईकडं मामा बघत नाहीत.

दुसरा प्रिंट. हिरवं गेलं. पण आता गाभाऱ्याच्या अंधारात तांबूसपणा शिरलाय. ही चूक मशीनची नाही. फोटोच्या सॉफ्टवेअरनं प्रोफाइल, म्हणजे या शाईत-कागदावर कुठला रंग कसा उतरतो त्याचा तक्ता, लावून रंग सांभाळले, आणि ड्रायव्हरनं, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमनंही पुन्हा सांभाळले. एकाच डाळीत सासूनं मीठ घातलं आणि सुनेनंही घातलं. दोघींपैकी एकीनं हात आवरायचा, इथं ड्रायव्हरनं. शिवाय ड्रायव्हरच्या यादीत कागद भलताच निवडलेला. कागद बदलला की किती शाई सोडायची हेही बदलतं, आणि तोल पुन्हा पहिल्यापासून.

खरं काम इथून पुढं, आणि ते कंटाळवाणं आहे. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ चौकोनांची पट्टी छापायची. लगेच मोजायची नाही. शाई वाळताना रंग सरकतो, म्हणून रात्रभर ठेवायची. सकाळी स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग मोजणारं यंत्र, एकेका चौकोनावर टेकवायचा. तो तीन आकडे देतो. एल म्हणजे उजेड किती. ए म्हणजे हिरव्याकडं झुकलं की लालकडं. बी म्हणजे निळ्याकडं की पिवळ्याकडं. ए आणि बी शून्याजवळ, तर करडा खरा.

गंमत अशी, की कोरा कागदच शून्यावर नाही. पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चकाकी आणणारी रसायनं असतात, कपड्यांच्या निळीसारखी, आणि कागदाचा बी शून्याखाली, निळ्याकडं जातो. मग मेळ कुणाशी घालायचा, शून्याशी की कागदाशी? माझं मत: उजळ भागात कागदाचा रंग धरावा आणि काळोखाकडं जाता जाता शून्यावर यावं. डोळा कागदालाच पांढरा मानतो, आकड्याला नाही.

मोजमाप झालं, नवं प्रोफाइल तयार झालं. ड्रायव्हरचा कृष्णधवल मोडही वापरून पाहिला. त्यात बहुतेक काम काळ्या-करड्या शायाच करतात, रंगीत शाई नावापुरती. पोराला तोच जास्त आवडला.

[दृश्य : दुकानाची पायरी. उन्हात दोन प्रिंट.]

एक नव्या प्रोफाइलचा, एक कृष्णधवल मोडचा. पायरीवर दोन्ही सारखे. आत ट्यूबलाइटखाली नेले, तर रंगीत शायांतून बनलेला प्रिंट किंचित वेगळा पडला. शाई तीच, कागद तोच, उजेड तेवढा बदललेला. छपाईच्या धंद्यात प्रिंट ५००० केल्विनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या, दिव्याखाली तपासतात, ते यासाठीच. पण लोकांच्या भिंतीवर तसले दिवे नसतात.

"लावायचा कुठं हा?" मामा विचारतात.

"पैठणला. आजीच्या बैठकीत."

"दिवा कसलाय तिथं?"

"पिवळा. जुना बल्ब."

मामा काही बोलत नाहीत. मागच्या खोलीत जातात, छताचा पिवळा बल्ब काढून आणतात आणि टेबलावरच्या होल्डरला लावतात.

"हं. आता बघ."