ओल्या कचऱ्याचे वजन

श्रोतेहो, नमस्कार.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतातील घरांमधून दर माणशी वर्षाला सुमारे 55 किलो अन्न वाया जाते. या आकड्यात साली, देठे आणि हाडेही धरलेली आहेत, हे लक्षात घेऊनही चौघांच्या कुटुंबामागे होणारे 220 किलो मला अस्वस्थ करतात, कारण अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या घरांतूनच हा कचरा निघतो. याचे मूळ मला विस्मरणात आणि चुकलेल्या अंदाजात दिसते, आणि या दोन्ही बाबतींत यंत्राची मदत घेता येते.

दक्षिण कोरियाने हे करून दाखवले आहे. तेथे 2005 साली अन्नाचा कचरा थेट जमिनीत पुरण्यास बंदी झाली आणि 2013 पासून जितका कचरा तितके शुल्क ही पद्धत देशभर रुजवण्यात आली. राजधानी सोलमधील अनेक गृहसंकुलांत रहिवाशाने कार्ड टेकवले की कचरापेटीचे झाकण उघडते, टाकलेले अन्न तेथेच तोलले जाते, वजनाचा आकडा समोर उमटतो आणि त्याची आकारणी त्या घराच्या खात्यावर होते. ओल्या कचऱ्याचे बरेचसे वजन पाण्याचे असल्यामुळे लोक तो निथळून आणतात. शुल्क महत्त्वाचे आहेच, परंतु आपण काय टाकले याचा आकडा डोळ्यांसमोर येतो, हे मला त्याहून मोलाचे वाटते.

आपण ओला कचरा वेगळा ठेवायला शिकलो, पण तो तोलत नाही. आमच्या घरी केकसाठी आणलेल्या डिजिटल काट्यावर मी महिनाभर उरलेसुरले अन्न तोलले आणि फोनमध्ये रोज नोंदवत गेले. पोळ्या अधिक उरत असतील असा माझा समज होता, प्रत्यक्षात सर्वाधिक वजन भाताचे भरले. तेव्हापासून रात्री अर्धी वाटी तांदूळ कमी लावते. भात बराच वेळ उघड्यावर राहिला, तर त्यातले जंतू असे विष तयार करतात की नंतर दिलेल्या फोडणीनेही ते नाहीसे होत नाही. म्हणून उरलेला भात लवकर निववून पाच अंशांखालच्या फ्रिजमध्ये ठेवावा. आतले तापमान दाखवणारा साधा तापमापक बाजारात मिळतो, तो जरूर ठेवावा.

पाकिटांवरील तारखांसाठी फोनमधील स्मरणसूचना पुरते, मात्र ‘बेस्ट बिफोर’ ही दर्जाची तारीख असून ‘एक्स्पायरी’ ही सुरक्षिततेची असते, हा फरक घरातल्या सर्वांना ठाऊक हवा.

बाजारात निघण्यापूर्वी मी फ्रिजच्या प्रत्येक कप्प्याचे छायाचित्र काढते. गेल्या आठवड्यात मंडईत मेथीची जुडी हातात घेतली होती. फोनवर पाहिले तर दह्याच्या पातेल्यामागे तशीच एक जुडी दिसली, म्हणून हातातली परत ठेवली आणि त्या संध्याकाळी घरच्याच मेथीचे ठेपले केले.