पोती वाहणाऱ्या कंबरेला वेगळा व्यायाम कशाला?

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ मार्केट यार्डातल्या हमाल-माथाडी बांधवांसाठी, आणि त्यांच्या टोळीच्या मुकादमांसाठीसुद्धा.

"दिवसभर पोती वाहतो, आम्हाला कसला व्यायाम सांगता?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. पण व्यायामात वजन किती, कितीदा आणि मध्ये विसावा किती, हे आपण ठरवतो. गाडी खाली करताना ते गाडी ठरवते. स्नायू थकला तरी पोती येतच राहतात, आणि थकलेल्या स्नायूनं सोडलेला भार मणक्यांमधल्या गादीवर जातो. उसण भरते ती बऱ्याचदा अशाच वेळी, शेवटच्या थरातलं पोतं वळून टाकताना.

जरा हिशोब बघा. 20 किलोचा खोका तुम्ही कण्यापासून 40 सेंटीमीटर पुढे धरलाय. पाठीचे स्नायू कण्याच्या मागे साधारण 5 सेंटीमीटरवरून ओढतात. अंतर आठपट, म्हणून ओढही आठपट: जवळपास 160 किलो, तीही फक्त खोक्यासाठी. तोच खोका पोटाशी घेऊन अंतर निम्मं केलंत, तर ओढही निम्मी होते.

कंबरेत नुसता जोर असून भागत नाही, दमही हवा, म्हणजे जास्त वेळ टिकून राहायची ताकद. 1984 साली डेन्मार्कमध्ये बिअरिंग-सोरेनसन यांनी माणसांना पालथं झोपवून, कमरेवरचं शरीर टेबलाबाहेर अधांतरी धरायला सांगितलं, जास्तीत जास्त 240 सेकंद. ज्या पुरुषांना जास्त वेळ धरता आलं, त्यांच्यात पुढच्या वर्षभरात पहिल्यांदा कंबरदुखी होण्याचं प्रमाण कमी होतं.

आता पहाटेचं सांगतो, हे फार कमी लोक सांगतात. झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. उठल्यावर पहिल्या तासात वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. आणि मार्केटात गाड्या लागतात नेमक्या पहाटे! तेव्हा उठल्या उठल्या पायाचे अंगठे धरायला वाकू नका. दहा मिनिटं चाला, खांदे फिरवा, कंबर सरळ ठेवून अर्ध्या बैठका काढा.

(रिकामं बारदान अंथरून)

जागा एवढीच लागते. हात आणि गुडघे टेका. उजवा हात पुढे, डावा पाय मागे, दोन्ही जमिनीला समांतर. पोट किंचित आवळलेलं, श्वास चालू. दहा सेकंद धरा, सोडा, बाजू बदला. मग कुशीवर या, कोपर आणि गुडघ्यावर कंबर उचलून धरा, पुन्हा दहाच सेकंद. दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा. कॅनडातले कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल हेच व्यायाम शिकवतात, कारण यांत कणा फारसा न वाकता स्नायूंचा दम वाढतो.

कमरेचा पट्टा? 2016 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. व्यायाम आणि त्याच्या जोडीला माहिती दिली तर कंबरदुखी टळायला मदत झाली, नुसत्या पट्ट्यानं टळल्याचं दिसलं नाही.

मुकादम, तुमच्याकडे एक मागणं आहे. ही दहा मिनिटं कामाच्या वेळेत धरा. घरी जाऊन कर म्हणाल, तर दमलेला माणूस करणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. जपानमध्ये 1928 पासून रेडिओवर कवायत लागते, तिथल्या बांधकामांवर सकाळी सगळे मिळून ती करतात.

आणि वजनाचं बोलल्याशिवाय मी थांबणार नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 1967 मध्येच पुरुष कामगारासाठी 55 किलोची मर्यादा सुचवली. आपल्याकडे शंभर किलोचं पोतं पन्नासवर आणायला बाबा आढाव आणि हमाल पंचायत झगडले. त्याहून जड पोतं आलं तर दोघांनी उचला, नाहीतर हातगाडी मागा. शंभर किलोच्या ओझ्याखाली कुठलाच व्यायाम कंबर वाचवणार नाही.

पायात मुंग्या येत असतील, पाय लुळा पडत असेल, तर व्यायाम बंद ठेवून डॉक्टरांना दाखवा. जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.